जेबीएल : तीन अक्षरांमागचा माणूस

आपल्या होस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर रात्री दहानंतर एक चक्कर मारा. निदान चार खोल्यांतून जेबीएलचा छोटा ब्लूटूथ स्पीकर ऐकू येईल. (रेक्टर मॅडम हे वाचत असतील तर दोनच!) वरातीतल्या डीजेच्या गाडीवरही तीच तीन अक्षरं असतात, कधी खरी, बरेचदा नुसती स्टिकरची. आणि ज्यांच्या घरी मोठ्या भावाचा जुना कॉम्प्युटर अजून माळ्यावर पडलाय त्यांनी त्याच्यासोबतचे स्पीकर काढून बघावेत. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत बऱ्याच घरी अल्टेक लान्सिंगचे स्पीकर असायचे. आता गंमत अशी, की जेबीएलमधला 'एल' आणि अल्टेक लान्सिंगमधला 'लान्सिंग' हा एकच माणूस. आणि दुसरी गंमत म्हणजे त्याचं जन्मनाव लान्सिंग नव्हतंच!

मिनी प्रोजेक्टसाठी वाचताना हा माणूस मला भेटला आणि प्रोजेक्ट बाजूला ठेवून मी त्याच्याच मागे लागले. म्हणून हा लेख.

जेम्स मार्टिनी १४ जानेवारी १९०२ला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, मॅकूपिन काउंटीत जन्मला. आपल्याकडे त्या दिवशी संक्रांत. वडील कोळशाच्या खाणींचे इंजिनिअर. घरात पुष्कळ भावंडं आणि हा त्यांच्यातला नववा. लहानपणी काही काळ तो बुलो नावाच्या कुटुंबाकडे राहिला आणि पुढे ते आडनाव त्याने आपलं मधलं नाव म्हणून घेतलं. जेबीएलमधला 'बी' तो हा.

दहाएक वर्षांचा असताना त्याने लेडन जार बनवला, म्हणजे काचेच्या बरणीचा कपॅसिटर. उपयोग काय, तर मित्रांना शॉक देणे. दोनएक वर्षांनी टाकाऊ सामानातून त्याने रेडिओ ट्रान्समीटर उभा केला. त्याचे सिग्नल म्हणे ग्रेट लेक्सच्या नौदल केंद्रापर्यंत पोचले आणि हा कोण बोलतोय ते शोधून नौदलाने तो बंद करायला लावला. ही गोष्ट घरच्यांनी सांगितलेली, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चला. पण पोराचा कल कुठे होता हे तर कळतंच.

कॉलेजची डिग्री त्याने कधी घेतली नाही. मोटार मेकॅनिक म्हणून काम केलं, इंजिनाच्या बारीक कामात हात बसवला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याने जे केलं त्यात गणितापेक्षा या हाताचा वाटा मोठा आहे. १९२४मध्ये आई गेली आणि त्यानंतर त्याने घर सोडलं. सॉल्ट लेक सिटीत एका रेडिओ स्टेशनवर काम मिळालं. तिथेच ग्लेना पीटरसन भेटली, जिच्याशी त्याने लग्न केलं, आणि तिथेच केन डेकर भेटला. डेकरला धंद्यातलं कळायचं, याला स्पीकर बनवता यायचे. दोघं लॉस एंजेलिसला गेले आणि मार्च १९२७मध्ये लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी नोंदवली. त्याच सुमारास जेम्स मार्टिनीचा कायदेशीररीत्या जेम्स बुलो लान्सिंग झाला.

वर्ष लक्षात घ्या. आज आपण वापरतो तो चुंबकात कॉइल आणि कॉइलला कागदी कोन असा स्पीकर राइस आणि केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९२५ला मांडला होता. १९२७च्या ऑक्टोबरात 'द जाझ सिंगर' आला आणि सिनेमा बोलू लागला. आपल्याकडे 'आलम आरा' १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि पाठोपाठ १९३२ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा', पहिला मराठी बोलपट. म्हणजे हा गडी अगदी योग्य वेळी योग्य गावात दुकान मांडून बसला होता. सुरुवातीला रेडिओच्या कपाटांत बसवायचे सहा आणि आठ इंची स्पीकर तो बनवायचा. तेव्हा चांगली कायमची चुंबकं मिळत नसत, त्यामुळे स्पीकरच्या मागे वेगळी मोठी कॉइल असायची. तिला करंट दिला की लोखंडाचं चुंबक व्हायचं.

खरी गोष्ट सुरू होते १९३३च्या आसपास. एमजीएम स्टुडिओच्या साउंड विभागाचा प्रमुख डग्लस शिअरर (नटी नॉर्मा शिअररचा भाऊ) थिएटरांतल्या आवाजावर वैतागला होता. स्टुडिओत रेकॉर्डिंग छान व्हायचं आणि थिएटरात जाऊन बघावं तर खर्ज नाही, वरचे सूर नाहीत. (खर्ज हा शब्द मी घरी शिकले, शाळेत आम्ही बेसच म्हणायचो.) एकाच स्पीकरकडून सगळं गाऊन घ्यायचं म्हणजे तबला आणि बासरी एकाच माणसाला एका वेळी वाजवायला लावण्यासारखं. खर्जाला मोठा, जड कोन लागतो, वरच्या सुरांना हलका आणि छोटा. म्हणून काम दोघांत वाटून द्यायचं ठरलं, आणि वाटणी आली की वाटणारा आलाच. तो वाटणारा म्हणजे क्रॉसओव्हर.

दोन भागांची सिस्टिम तोवर कुणी केलीच नव्हती असं नाही. पण मोठा घोळ होता. खर्जाच्या भोंग्यात आवाजाला फिरून यावं लागायचं, त्याची वाट वरच्या भोंग्यापेक्षा कित्येक फूट लांब. आवाजाला एक फूट जायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतो. एलिनॉर पॉवेल ही त्या काळची टॅप डान्सची राणी. तिच्या बुटाचा एक ठोका त्या सिस्टिमवर दोनदा ऐकू यायचा, आधी वरचा भाग आणि मग मागून खालचा. एमजीएमचा इंजिनिअर जॉन हिलियर्ड याने ते पकडलं. मग ठरलं की दोन्ही भोंग्यांच्या वाटा जुळल्या पाहिजेत आणि दोन्हीचे ड्रायव्हर व क्रॉसओव्हर एकत्र बसून ठरवले पाहिजेत. ड्रायव्हर बनवायचं काम आलं लान्सिंगकडे. खर्जासाठी पंधरा इंची स्पीकर आणि वरच्या सुरांसाठी धातूच्या पातळ पडद्याचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर, आणि वाटणी सुमारे ५०० हर्ट्झवर. ही सिस्टिम शिअरर हॉर्न म्हणून गाजली आणि १९३६ सालासाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कार शिअरर आणि एमजीएमच्या साउंड विभागाला मिळाला. मोटार गॅरेजातला तो हात इथे कामी आला. पडदा आणि त्याच्यासमोरचा प्लग यांच्यात कागदाएवढी फट ठेवायची आणि ती प्रत्येक नगात सारखी यायला हवी, हे काही पाटीवर डेरिव्हेशन मांडून जमणारं काम नाही.

आता या वाटणीचं महत्त्व काय ते मला नांदुऱ्यात कळलं, ते सांगते.

माझे मोठेबाबा नांदुऱ्याला साउंड सर्व्हिस चालवायचे. हायवेवरून जाताना १०५ फुटी हनुमान दिसतो ना, तेच आमचं गाव. त्यांच्याकडे सागवानी लाकडाचे दोन जुने बॉक्स आहेत, आत एक वूफर, एक ट्वीटर आणि मागे लाकडी पट्टीवर कुणीतरी निगुतीने बसवलेला क्रॉसओव्हर. वीजवाहिनीच्या कुठल्याशा झटक्यात एका बॉक्सचा ट्वीटर जळाला. बाहेरगावच्या एका कारागिराने त्याच मापाचा नवीन बसवून दिला. भोकं जुळली, स्क्रू बसले, आवाज आला. पण कीर्तनाला तो बॉक्स लावला की महाराजांचे शब्द कळेनात आणि टाळ मात्र कानात टोचायचे. मोठेबाबांचं म्हणणं एकच, की बॉक्स आंधळा झाला. दिवाळीच्या सुटीत मी मल्टीमीटर घेऊन बसले.

जुना वूफर मीटरवर सहा ओहमच्या थोडा वर दाखवत होता, म्हणजे आठ ओहमचा. (स्पीकरवर छापलेला आकडा एसीचा असतो, मीटर डीसी मोजतो, त्यामुळे नेहमी कमीच दिसतो.) दुसऱ्या, न बिघडलेल्या बॉक्सचा ट्वीटरही आठचाच. आणि नवीन ट्वीटर? साडेतीनच्या आसपास, म्हणजे चार ओहमचा. क्रॉसओव्हर मी कॉलेजात आणून लॅबच्या एलसीआर मीटरवर मोजला. ट्वीटरच्या वाटेत ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वूफरच्या वाटेत ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल.

आता फर्स्ट इयरचं गणित काढा. कपॅसिटरची कटऑफ फ्रीक्वेन्सी म्हणजे एक भागिले दोन पाय आर सी. आर आठ असेल तर उत्तर ३,००० हर्ट्झच्या जरासं खाली येतं. कॉइलसाठी आर भागिले दोन पाय एल, तेही ३,०००च्या आसपास. म्हणजे ज्याने बनवलं त्याने दोघांची गाठ ३,०००वर मारली होती. ट्वीटर चार ओहमचा केला की कपॅसिटर तोच राहूनही कटऑफ दुप्पट होतो, जवळजवळ ५,८५० हर्ट्झ. वूफर तर तीन हजारालाच हात काढून घेतोय. मधला पट्टा पोरका! नेमके स, श, च, ट यांसारखे आवाज ज्यावर ओळखू येतात तो भाग तिथेच आहे. आवाज तिथे अगदी शून्य होत नाही, उतार हळू असतो, पण खड्डा पडतो. त्यात चार ओहमचा ट्वीटर त्याच व्होल्टेजला दुप्पट पॉवर ओढतो, म्हणून सहा हजाराच्या वर तो तीनेक डेसिबल जोरात. शब्द गायब आणि टाळ टोचणार, दोन्ही तक्रारींचं उत्तर एका आकड्यात.

उलट झालं असतं तर? सोळा ओहमचा ट्वीटर बसवला असता तर कटऑफ १,५००वर उतरला असता. म्हणजे त्याला न झेपणारे खालचे सूर त्याच्या गळ्यात, आणि मोठ्या आवाजाला एखाद्या रात्री तो जळाला असता. जुन्या काळी, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरांच्या जमान्यात, सोळा ओहम हा अगदी नेहमीचा आकडा होता, त्यामुळे जुन्या बॉक्सच्या बाबतीत हा विचार करावाच लागतो.

मग आम्ही काय केलं? कपॅसिटर दुप्पट करणे हा एक मार्ग होता, पण त्याने जोराचा प्रश्न सुटत नाही. मी ट्वीटरच्या सिरीजमध्ये ३.९ ओहमचा दहा वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर टाकला. एकूण झाले ७.९. कटऑफ परत मूळच्या जागी आणि ट्वीटरचा जोरही कमी. दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून मोठेबाबांनी स्वतःच्या आवाजात मोजणी केली, एक-दोन-तीन, हॅलो टेस्टिंग. त्यांचा चेहरा बघून कळलं की जमलं. तरी हुबेहूब नाहीच हं. दोन ट्वीटरांचा रेझोनन्स वेगळा, कागद वेगळा. दूरचा भाऊ म्हणता येईल, जुळा नाही.

आणि खरं म्हणजे आर आठ हेही एक सोयीचं खोटं आहे. व्हॉइस कॉइल म्हणजे शेवटी कॉइलच, फ्रीक्वेन्सी वाढली की तिचा इम्पीडन्स चढतो, आणि रेझोनन्सजवळ तर डोंगर उभा राहतो. तो चढ सपाट करायला स्पीकरला समांतर एक रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावतात, तिला झोबेल म्हणतात. ती जोडीसुद्धा त्या विशिष्ट कॉइलच्या मापाची. उदाहरणार्थ ६.४ ओहम आणि ०.५ मिलिहेन्रीची व्हॉइस कॉइल असेल तर ८ ओहम आणि पावणेआठ मायक्रोफॅरड लागतील. दुसरा ड्रायव्हर लावला की हेही चुकलं. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांत वाळतात ते वेगळंच, ते बदलताना दोन्ही बॉक्समध्ये बदलावेत. असो, विषय लान्सिंगचा आहे.

शिअरर हॉर्न थिएटरएवढ्या खोलीसाठी होता. लान्सिंगने तीच कल्पना छोट्या कपाटात आणली, खाली पंधरा इंची, वर छोटा हॉर्न, वाटणी ८०० हर्ट्झवर. नाव आयकॉनिक. स्टुडिओवाल्यांना ती फार आवडली. कारखाना नावारूपाला येत होता आणि १९३९मध्ये विमान अपघातात केन डेकर गेला.

इथून पुढचं वाचताना मला नेहमी असं वाटतं, की या कंपनीतला एक ड्रायव्हर जळाला आणि त्या जागी कुणी बसवलंच नाही. लान्सिंगला मशीन कळायचं, हिशोब नाही. पैशाची ओढाताण सुरू झाली. ४ डिसेंबर १९४१ला, पर्ल हार्बरच्या तीन दिवस आधी, अल्टेक सर्व्हिसने त्याची कंपनी ५०,००० डॉलरला घेतली. अल्टेक म्हणजे ऑल टेक्निकल. थिएटरांच्या साउंडची देखभाल करणारे इंजिनिअर एकत्र येऊन ती झाली होती. त्यांना जुन्या सिस्टिमसाठी बदली भाग हवे होते आणि ते बनवू शकणारा माणूस हवा होता. म्हणजे मोठेबाबांचाच प्रॉब्लेम, फक्त अमेरिकेएवढा मोठा. कंपनीचं नाव झालं अल्टेक लान्सिंग आणि लान्सिंग तिथे इंजिनिअरिंगचा उपाध्यक्ष झाला.

अल्टेकमधली पाच वर्षं कामाच्या दृष्टीने त्याची सगळ्यात सुखाची असावीत असं मला वाटतं. पगार वेळेवर, हिशोब दुसऱ्याकडे. तिथे ६०४ हा ड्युप्लेक्स स्पीकर झाला, पंधरा इंची वूफरच्या पोटातूनच वरचा हॉर्न बाहेर येतो असा. पुढे कित्येक वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओंत तो मापाची पट्टी म्हणून वापरला गेला. व्हॉइस ऑफ द थिएटर ही प्रसिद्ध सिस्टिमही १९४५ची. आणि एक छोटी वाटणारी मोठी गोष्ट. व्हॉइस कॉइलला गोल तारेऐवजी चपटी पट्टी उभी गुंडाळली की मध्ये फटी राहत नाहीत, चुंबकाच्या त्याच अरुंद खाचेत जास्त धातू बसतो, त्याच वॅटमध्ये जास्त आवाज. अशी पट्टी कारखान्यात झपाट्याने गुंडाळायची पद्धत लान्सिंगने बसवली. पुन्हा तेच, हाताचं काम!

करार पाच वर्षांचा होता. १९४६ला तो संपला आणि हा बाहेर पडला. १ ऑक्टोबर १९४६ला लान्सिंग साउंड सुरू झाली. अल्टेकने लगेच हरकत घेतली, कारण लान्सिंग हे नाव तर त्यांनी कंपनीबरोबर विकत घेतलं होतं. विचार करा, स्वतःचं नाव स्वतःच्या दारावर लावायला मनाई! म्हणून पूर्ण नाव लावलं, जेम्स बी. लान्सिंग साउंड. त्याचा पहिला पंधरा इंची स्पीकर अल्टेकच्याच मॉडेलसारखा दिसायचा, त्यावरूनही कुरकुर झाली. मग त्याने जे केलं ते मला फार आवडतं. भांडत न बसता त्याने नवीनच स्पीकर काढला. १९४७चा डी १३०. पंधरा इंची कोन, त्यात तब्बल चार इंची व्हॉइस कॉइल, चपट्या पट्टीची, आणि युद्धकाळात पुढे आलेल्या अल्निको मिश्रधातूचं कायमचं चुंबक. इतकी मोठी पट्टीची कॉइल साध्या कोनच्या स्पीकरात तोवर कुणी घातली नव्हती. त्याची भावंडं पुढे सुमारे पन्नास वर्षं बनत राहिली.

माल इतका चांगला आणि गल्ल्यात खडखडाट. किमती कमी ठेवलेल्या, माल उधार, भांडवल नाही. मार्क्वार्ट एव्हिएशन या विमानाच्या कंपनीने काही काळ पैसा आणि जागा दिली. त्यांच्याकडचा बिल थॉमस नावाचा माणूस लान्सिंगच्या कंपनीचे हिशोब बघू लागला. पण १९४९ला मार्क्वार्टच जनरल टायरकडे गेली. नव्या मालकांना स्पीकरच्या धंद्यात रस नव्हता. कर्ज वाढत होतं, देणेकरी दारात.

सॅन मार्कोसला लान्सिंगची अव्होकॅडोची बाग होती, झाडं त्याने स्वतः लावलेली. सप्टेंबर १९४९मध्ये तिथे त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय सत्तेचाळीस.

शेतातलं घर, कर्ज आणि कर्ता माणूस. आपल्या जिल्ह्यात या तीन शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात बुलढाणा होता. आमच्या वर्गात अशीही घरं आहेत ज्यांच्याकडे ही गोष्ट सांगायला अमेरिकेत जायची गरज नाही. मी लान्सिंगचं वाचलं तेव्हा आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. कारण ज्याने पुढे कंपनी तारली तो डी १३० तयार होऊन समोरच होता. फक्त दोन-तीन वर्षं कुणीतरी हिशोबाची वही धरायला हवी होती.

ती वही थॉमसने धरली. लान्सिंगच्या आयुर्विम्याचे दहा हजार डॉलर कंपनीच्या नावे होते, ते आले. त्या पैशावर कारखाना चालू राहिला. ग्लेनाचा हिस्सा थॉमसने पुढे विकत घेतला. १९५०च्या दशकाच्या मध्यात अल्टेकशी नावाचा वाद मिटला तो असा, की लान्सिंग हा शब्द मोठ्याने लावायचा नाही, जेबीएल लावायचं. म्हणजे आपण स्पीकरवर जी तीन अक्षरं बघतो ती भांडणाच्या तडजोडीतून आलेली आहेत. त्या काळात थॉमसने हार्ट्सफील्ड आणि पॅरागॉनसारखे मोठे, देखणे स्पीकर काढले. लिओ फेंडरने गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये डी १३० घातला आणि रॉक संगीताच्या स्टेजवर तो जाऊन पोचला. १९६९ला कंपनी सिडनी हरमनकडे गेली आणि २०१७ला हरमनची सगळी कंपनी सॅमसंगने घेतली. अल्टेक लान्सिंगचं नाव मात्र हातोहात विकलं जात जात कॉम्प्युटरच्या स्पीकरवर आलं.

जेबीएलचं १९७०चं एक मॉडेल आहे, एल १००. लान्सिंग जाऊन एकवीस वर्षं झाली होती, पण त्याचं काम समजून घ्यायला मला हे सगळ्यात सोपं वाटतं. तीन स्पीकरचा बॉक्स, त्या दशकात अमेरिकेत घरोघरी गेलेला. त्याचा क्रॉसओव्हर उघडला तर हसू येतं. मधल्या स्पीकरला ८ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, ट्वीटरला ३ मायक्रोफॅरडचा एक, दोघांना आवाज कमी-जास्त करायचं एकेक बटण. बस. वूफरच्या वाटेत कॉइल नाहीच! थेट ॲम्प्लिफायरला जोडलेला. मग तो वरचे सूर का गात नाही? तर त्याच्या बारा इंची कोनावर पांढरा लेप आहे. त्या लेपाने आणि जड कोनाने वरचे सूर आपोआप उतरतात. म्हणजे अर्धा क्रॉसओव्हर त्या कागदात आहे. कुणी तो वूफर काढून दुसऱ्या कंपनीचा बारा इंची बसवला, भोकं जुळली, स्क्रू बसले, तर तो नवा गडी मधल्या स्पीकरच्या हद्दीत जाऊन सुखाने गात बसेल. त्याला थांबवायला वाटेत कुणी नाही.

त्यामुळे असले जुने स्पीकर दुरुस्त करणारे शहाणे लोक शक्यतो ड्रायव्हर बदलत नाहीत. लोखंडी सांगाडा आणि चुंबक तसंच ठेवतात, फाटलेला कागद आणि जळालेली कॉइल काढतात, खाच स्वच्छ करतात आणि त्याच मॉडेलचा, त्याच ओहमचा नवीन कोन कॉइलसकट चिकटवतात. याला रीकोनिंग म्हणतात. आपल्याकडेही गावोगावी स्पीकरला कागद भरून देणारे आहेत, फक्त ते कोन आकाराने निवडतात. मोठेबाबांच्या दुसऱ्या बॉक्सचा वूफर आता फाटायला आलाय. तो कागद भरायला देण्याआधी त्याचे ओहम, रेझोनन्स आणि कोनाचं वजन मी वहीत लिहून ठेवणार आहे.